दादाचे कान आणि धाकट्याचा गळा

आमचा बँड दिल्लीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड होता, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगते. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही पहिल्यांदा सगळी वाद्यं एकदम वाजवली, तेव्हा गच्चीतल्या टाकीवरची कबुतरं उठली ती थेट दुसऱ्या कॉलनीत जाऊन राहिली. खालच्या मजल्यावर एक तमिळ साहेब राहायचे. त्यांनी तक्रार केली नाही, सरळ मद्रासला बदली मागून घेतली. दादा म्हणतो, त्यांना प्रमोशन मिळालं होतं. दादाला गोष्ट सांगता येत नाही.

तो बँड कसा मोडला ते मला सांगायचं आहे. आणि मोडल्यावर आईने मागितलेली एक आरती, फक्त एक, दोन्ही मुलांच्या आवाजात, तिला मिळायला किती उशीर झाला तेही.

बँडमध्ये आम्ही चौघं. दादा गिटार वाजवायचा. धाकटा गायचा. मी दोघांच्या मधली, म्हणून माझ्या गळ्यात बेस गिटार पडली. मधल्या मुलांना घरात जे मिळतं तेच बँडमध्येही मिळतं : काम भरपूर, आणि कोणाला काही ऐकू येत नाही. ड्रमवर पलीकडच्या ब्लॉकमधला एक गढवाली मित्र होता. तो वर्षभरात मोजकी वाक्यं बोलायचा आणि त्यातली बरीचशी चहाबद्दल असायची. वाजवायचो ते सगळं आमच्या जन्माच्याही आधीचं विलायती रॉक. लांब केस, लांब सोलो आणि त्याहून लांब गाणी.

आणि या चौघांच्याही वर होती पेटी.

सरकारी कॉलनीत कोणाची बदली आली की जाणारी माणसं अर्धं घर मागे ठेवून जातात. वरच्या मजल्यावरच्या बंगाली कुटुंबाची बदली झाली तेव्हा आमच्याकडे कूलरचं स्टँड आलं आणि एक जुनी पेटी आली. बाबांनी ती स्वतः जिन्यावरून उतरवली, पुसली, आईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "घे. आता गा."

आई लग्नाआधी मिरजेत रीतसर गाणं शिकली होती. तिने भाता उघडला, एक सूर लावला, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे."

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तेव्हा कूलरच्या स्टँडवर चढून बसले होते. आईने सूर लावला आणि 'छान आहे' म्हणाली, यांच्या मध्ये ती जरा थांबली होती. त्या थांबण्याचा अर्थ कळायला मला अर्धं आयुष्य लागलं.

पुढे दादाने गिटार आणली तेव्हा बाबांनी घराचा कायदा केला : आधी पेटी, मग तारा. पेटीचा सूर दाबून धरायचा, त्याला गिटार लावायची, बेस लावायची, त्याच सुरात धाकट्याने 'आ' करायचं, आणि मग जो काय धिंगाणा घालायचा तो घाला. आम्ही हा कायदा कधी मोडला नाही. करोल बागेतल्या एका दुकानदाराने दादाला गिटार सुरात लावायचं ते चिमट्यासारखं छोटं यंत्र फुकट देऊ केलं. दादाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने दादाला कवळी देऊ केली होती.

त्यामुळे बँड जाईल तिथे पेटी जायची. वाहायची मी, कारण ती मधलीनेच वाहायची असते. मेट्रोच्या तपासणीत पेटी यंत्राच्या पट्ट्यावरून सरकली की शिपाई विचारायचा, "मैडम, इसमें क्या है?"

"हारमोनियम."

"भजन मंडली?"

मी मान डोलवायचे. पाठीवर बेस, मागे खांद्यापर्यंत केस सोडलेले दोन भाऊ आणि त्यांच्या मागे हातात काठ्या घेतलेला मुका ड्रमर. शिपाई समाधानाने म्हणायचा, "अच्छा है. आजकल कौन करता है."

आता एक बारीकशी अडचण होती. आम्ही कॅसेट लावून तिच्याबरोबर वाजवायला गेलो की कॅसेट जरा खाली बोलायची. फार नाही, केसभर. पण दातात बडीशेप अडकावी तसं व्हायचं. दादाने याचं कारण शोधून काढलं होतं : व्होल्टेज. दिल्लीत उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, टेप हळू फिरतो, गाणं खाली येतं. यात खोटं काही नव्हतं. मे महिन्यात आमचा पंखा इतका हळू फिरायचा की त्याच्या पात्यावर माशी बसून झोप काढायची. पुढे सीडी आली, तीही खाली बोलायला लागली. दादा म्हणाला, व्होल्टेज. मग गाणी मोबाइलवर आली. मोबाइलला कसलं व्होल्टेज, असं मी विचारलं. दादाने फोन हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "चार्जिंग कमी आहे बघ."

कोणी वाद घालायचं नाही, कारण दादाचे कान हा आमच्या घरातला शेवटचा पुरावा होता. कुकरच्या शिट्टीवरून तो सांगायचा की कुकर कोणत्या मजल्यावरचा आहे आणि आत राजमा आहे की डाळ. एकदाच चुकला. आम्ही त्या घरी जाऊन विचारलं, तर त्या बाईंनीच चुकून दुसरा डबा उघडला होता.

आणि धाकट्याचा गळा त्या पेटीला टेकून वाढला. तो पाळण्यात रडायचा तोही पेटीच्याच सुरात, असं मी पाहुण्यांना सांगते. पाहुणे आईकडे बघतात. आई नाही म्हणत नाही.

बाबा गेले. क्वार्टर सोडावं लागलं. दादा आईला घेऊन द्वारकेला गेला, धाकट्याने नोकरीच्या जवळ म्हणून गुडगावात फ्लॅट घेतला, मी नोएडाला आले. तिघं दिल्लीच्या तीन टोकांना. पण शनिवार आम्ही सोडला नाही. मुनिरकात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेतली होती, तिथे जमायचो. आजूबाजूला सगळे विद्यार्थी. आमचे केस तोवर पिकले होते आणि थोडे उरले होते, त्यामुळे नवीन आलेली मुलं आम्हाला घरमालक समजून पाण्याची तक्रार करायची.

एका शनिवारी धाकटा त्याच्या ऑफिसातल्या एका इंजिनिअरला घेऊन आला. कीबोर्ड वाजवायचा. साधा, नम्र माणूस. धाकट्याचं म्हणणं असं की आपला आवाज जरा भरायला हवा, गुडगावात एका मोठ्या लॉनवर कार्यक्रम ठरला आहे, लोक येणार आहेत. दादा 'बघू' म्हणाला. दादाचं 'बघू' म्हणजे 'नाही'च, फक्त उशिरा कळवलेलं.

मी पेटीचा सूर दाबला, आम्ही तारा लावल्या, पेटीवर शाल टाकली आणि सुरू केलं. पहिल्या दोन ओळींतच सगळ्यांची तोंडं चिंच खाल्ल्यासारखी झाली.

"कीबोर्ड बेसूर आहे," दादा म्हणाला.

"कीबोर्ड बेसूर कसा असेल? मशीन आहे ते," धाकटा म्हणाला.

"मग व्होल्टेज."

"दादा, प्लीज."

पुढच्या शनिवारी दादा द्वारकेहून फ्रिजचा स्टॅबिलायझर घेऊन आला. वहिनीने दिवसभर फ्रिज बंद ठेवला होता. दादाने कीबोर्ड स्टॅबिलायझरला जोडला, दिवा हिरवा होईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाला, "आता." आता काय, चिंच ती चिंचच. इंजिनिअर बिचारा म्हणाला, "सर, शायद गिटार एक बार चेक कर लें?" दादा अगदी शांतपणे त्याला म्हणाला, "यह गिटार पेटी पे लगी है." म्हणजे विषय संपला. आणि खरं सांगायचं तर आमच्या तिघांच्याही मनात तो तिथेच संपला. बाबांची पेटी. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे बाबांनी आपल्याला चुकीचं घड्याळ बघायला शिकवलं असं म्हणण्यासारखं होतं. धाकट्यालाही ते सुचलं नाही. मलाही नाही. बेस इतकी खाली वाजते की तिथे सूर आहे की भूकंप आहे, हे वाजवणाऱ्यालाही नेमकं माहीत नसतं.

गुडगावच्या लॉनवर लोक आले. दिवे लागले. स्टॅबिलायझरही आला होता, तो कीबोर्डच्या पायाशी हिरवा डोळा उघडून बसला होता. तिसऱ्या गाण्याला दादाने सोलो सुरू केला, खाली कीबोर्ड, आणि ते दोन्ही एकमेकांना असे घासायला लागले की पुढच्या रांगेतल्या एका माणसाने हातातली टिक्की खाली ठेवली. धाकटा मागे वळला. त्याने माइक तोंडापासून दूर केला नाही.

"दादा, तुझे कान गेलेत."

मराठीत म्हणाला, म्हणजे कोणाला कळू नये. पण गुडगाव आहे ते. चौथी रांग अख्खी पुण्याची होती. ती हसली.

दादाने गिटार थांबवली. तोही माइकजवळच उभा होता. "आणि तुझा गळा कोणाच्या पेटीवर तयार झाला ते विसरलास," तो म्हणाला. मग त्याने केबल काढली. भांडण असो की भूकंप, केबल दादा नेहमी नीट गुंडाळतो, तशी ती त्याने कोपरावर वळसे घेत गुंडाळली, गिटार पिशवीत घातली, स्टॅबिलायझर काढून काखेत मारला, कीबोर्ड तिथेच मेला, आणि दादा लॉनवरून चालत गेला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. टाळ्या पडल्या. बँडला मिळालेल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलायचे. मी नोएडात बसून गुडगाव आणि द्वारकेमधलं टेलिफोन एक्स्चेंज झाले.

"ताई, दादाला सांग आईच्या गोळ्या मी ऑनलाइन मागवल्यात."

"त्याला सांग आल्या. आणि सांग की पाकीट फाटकं होतं."

"त्याला सांग पाकीट मी फाडलेलं नाही."

दोघांचं एका बाबतीत मात्र घट्ट एकमत होतं : आईला काही सांगायचं नाही. बाबा गेल्यापासून आमच्या घरात आईला काहीच सांगत नाहीत. तिला त्रास नको. नळ फुटला तरी तिला 'पाणी जरा जास्त येतंय' असं सांगतात. तेव्हा बँडबद्दल तिला सांगितलं गेलं की कामं वाढली आहेत, मुनिरकाची खोली मालकाने परत मागितली, बघू पुढे. आई 'बरं' म्हणाली. पेटी माझ्याकडेच राहिली होती, दिवाणाखाली, शाल पांघरून.

पण गणपतीचं काय करणार? आधी गणपती दादाकडे असायचा. आई पेटीवर, आणि दोन्ही मुलं आरती म्हणायची, दादा खालून, धाकटा वरून. रॉकमध्ये जे त्यांना कधी जमलं नाही ते आरतीत जमायचं. त्या वर्षी धाकट्याने गुडगावात स्वतःचा गणपती आणला. दादाकडे तो दर्शनाला जायचा, पण दादा ऑफिसला गेला असेल अशा वेळी. आई दोन्हीकडच्या आरत्यांना टाळ्या वाजवायची. पेटी कोणाकडेच गेली नाही. दादा मागेना, धाकटा मागेना, आणि मी आपणहून देईना, कारण एकाला दिली असती तर दुसऱ्याचा फोन आला असता.

अशी काही वर्षं गेली. यंदा आईने मला फोन केला. "माझी बोटं आता वळत नाहीत," ती म्हणाली. "अजून थोडी चालतात. ती चालतायत तोवर मला एकदा पेटीवर आरती करायची आहे. दोघांच्या आवाजात. बाकी मला काही नको."

"मी विचारते दोघांना."

"विचारू नकोस. गणपती तुझ्याकडे बसव. दोघांना सांग, आई तिथे आहे."

मी दोघांना तसंच सांगितलं. दादाने विचारलं, "तो येणार आहे का?" धाकट्याने विचारलं, "तो येणार आहे का?" मी दोघांनाही सांगितलं की माहीत नाही. एक्स्चेंजमध्ये एवढी सवलत असते.

चतुर्थीला दुपारी दोघंही आले. दादा आईला घेऊन, धाकटा मोदक घेऊन. नोएडात उकडीचे चांगले मिळत नाहीत अशी दोघांनीही स्वतंत्रपणे, माझ्याकडे बघून, तक्रार केली. गणपती बसला. आई पाटावर पेटी घेऊन बसली. दादा खिडकीशी उभा, धाकटा दाराशी. मध्ये मी, ताम्हन धरून.

धाकट्याने फोन काढला आणि तंबोऱ्याचा सूर लावला. हल्ली फोनमध्ये तंबोरा असतो. त्याने तो आईसाठी लावला होता, तिला आधार हवा म्हणून. आईने भाता हलवला, पहिला सूर दाबला.

चिंच.

मी ती कुठेही ओळखीन. दादाची मान वळली. तो माझ्याशी बोलला, पण आवाज दाराकडे गेला. "त्याला सांग, चार्जिंग कमी आहे."

"फुल आहे," धाकटा म्हणाला. मला न विचारता. कितीतरी वर्षांनी पहिलं वाक्य, थेट. "आणि दादा, मशीन बेसूर नसतं. तेव्हाही नव्हतं."

मी ताम्हन खाली ठेवलं. आता परत केबल गुंडाळली जाणार असं मला वाटलं. आईची आरती पहिल्याच सुरात जाणार.

आई भाता मारत होती, तशीच मारत राहिली. "मशीन बरोबर आहे," ती म्हणाली. "पेटी चढी आहे. तो फोन बंद कर बघू, उगाच भांडतात दोघं."

खाली कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. दादाने राजमा की डाळ ते सांगितलं नाही.

"चढी आहे म्हणजे?" त्याने विचारलं.

"चढी म्हणजे चढी. केसभर. आली तेव्हापासून आहे."

"तुला माहीत होतं?" धाकट्याने विचारलं.

"म्हणजे काय. मी गाणं शिकलेय."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"तुमच्या बाबांनी एवढी हौसेने खाली आणली, पुसली. त्यांना सांगू की बेसूर आणलीत? आणि घरात एकच पेटी, सगळे तिलाच लावून बसलेले. कुठे अडत होतं?"

"अडलं ना," दादा म्हणाला. त्याचा आवाज खूप खाली गेला होता. "आमचं भांडण त्याच्यावरूनच झालं."

आईने हात थांबवला. तिने आधी दादाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. "पेटीवरून? मला वाटलं आजोबांच्या जमिनीवरून भांडताय."

"ती जमीन तर काकांनी कधीच घेतली."

"तेच. मला वाटलं तुम्हाला आत्ता कळलं." मग ती माझ्याकडे वळली. "मला कोणी सांगितलं का नाही?"

तुला त्रास नको म्हणून, असं मी म्हणाले. ते ऐकायला इतकं वाईट वाटलं की मी परत ताम्हन उचललं.

"लाव रे तो फोन पुन्हा," दादा म्हणाला. धाकट्याला म्हणाला. धाकट्याने लावला. दादा खिडकीपासून आला, पेटीशी मांडी घालून बसला, डोळे मिटले, एक सूर दाबला. फोन ऐकला, पेटी ऐकली. कुकर ऐकायचा तसा ऐकत बसला.

"चढी आहे," तो शेवटी म्हणाला.

धाकटा त्याच्याजवळ खाली बसला. "म्हणजे तुझे कान बरोबर होते. पेटीला अगदी बरोबर लावायचास."

"तुझेही बरोबर होते. मशीन बेसूर नाही म्हणालास, ते नव्हतंच." दादाने पेटीवरचं बोट उचललं. "आणि मी त्या माणसाला फ्रिजचा स्टॅबिलायझर लावला."

धाकटा हसायला लागला. तो हसला की त्याचे खांदे हलतात, लहानपणापासून. मग दादाचे हलायला लागले. "त्या बंगाली काकांना माहीत असणार," धाकटा म्हणाला. "म्हणून तर कूलरचं स्टँड वर दिलं." दोघांनी मिळून त्या काकांना, त्यांच्या बदलीला आणि त्यांच्या कलकत्त्याला इतकं बोलून घेतलं की मला त्यांची दया आली.

"कापूर उडून चालला," आई म्हणाली.

फोन बंद झाला. आईने सूर दिला, तोच केसभर चढा, आणि दादा खालून आणि धाकटा वरून असे त्या सुरावर उतरले की माझ्या शेजारच्या फ्लॅटचं दार आपोआप उघडलं. तिथल्या बाईसाहेब म्हणतात, त्यांनीच उघडलं. पहिल्या आरतीला आईची बोटं चालली. दुसरीला अडखळली. तेव्हा दादाने हात पुढे केला आणि स्वर तो दाबू लागला. भाता आईने सोडला नाही. धाकट्याने शेवटची ओळ लांबवली, लागते त्याहून बरीच लांब, आणि आईने त्याला तेवढी हवा पुरवली.

संध्याकाळी मी आमच्या ड्रमरला फोन करून सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "मुझे तो पता था."

"क्या पता था?"

"कि सब ऊपर बजाते हो. मुझे लगा मराठी लोगों में ऐसे ही होता है."

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब भाषण.

आता पेटीचं काय करायचं यावर घरात दोन पक्ष आहेत. दादा म्हणतो, दुरुस्त करून घ्यावी, एकदाचा सोक्षमोक्ष. धाकटा म्हणतो, हात लावायचा नाही, तिचा सूर हलला तर मी गाऊ कुठे? बँड पुन्हा सुरू झाला का, असं लोक विचारतात. अजून नाही. खोली मिळालेली नाही, आणि दादा म्हणाला, "बघू."

काल मी द्वारकेला फोन लावला, एंगेज. गुडगावला लावला, एंगेज. थोड्या वेळाने पुन्हा लावला, दोन्हीकडे तेच. एक्स्चेंज बंद पडलं आहे, आणि खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं होतं. मी दिवाणाखालून पेटी ओढली, शाल काढली, आणि एका हाताने भाता मारत माझी बेस तिला लावून घेतली. केसभर चढी.